शटर जड झालंय

दुकानाचं शटर एका दिवसात जड होत नाही. वरच्या पाइपवर रुंदीप्रमाणे तीन, चार, पाच स्प्रिंगा असतात. त्यातली एक तुटते आणि उरलेल्या तिचं काम अंगावर घेतात. मालकाला वाटतं, पावसाळ्यात चॅनेल गंजलं असणार. तो तेल सोडतो. पुढे पोऱ्याला हाक मारून दोघं मिळून शटर उचलायला लागतात आणि तेही अंगवळणी पडतं. मिस्त्रीला फोन जातो तो शटर अर्ध्यात अडकल्यावर, नाहीतर धाडकन खाली आल्यावर.

संपादकांना यातलं काही नको होतं. त्यांच्या ओळखीत कुणाच्या तरी न्यू जर्सीतल्या जावयानं गॅरेजच्या दाराची स्प्रिंग स्वतः बदलली होती आणि त्याचं कौतुक घरोघर चाललं होतं. "आपल्याकडे शटरची स्प्रिंग घरच्या घरी बदलता येते का? बघ आणि लिही," एवढाच निरोप. म्हणून मी पुण्यात एका शटर मिस्त्रीच्या मागे मागे फिरले.

कागदोपत्री माहिती लवकर संपते. शटरच्या आधी पेठांमधल्या दुकानांना लाकडी फळ्या असत. फळ्यांवर आकडे घातलेले असत, कारण क्रम चुकला की शेवटची फळी खाचेत बसायची नाही. मग लोखंड आलं. भारतीय मानक ६२४८ हे शटरचं मानक. पट्टी ७५ मिलिमीटर रुंदीची, साडेतीन मीटर रुंदीपर्यंतच्या शटरला पत्रा किमान ०.९० मिलिमीटर जाडीचा, वगैरे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत तर स्प्रिंगेची लांबीसुद्धा ठरलेली आहे, २७.५ सेंटीमीटर. मिस्त्रीला हे वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "सरकारी कामाला ठीक आहे, ताई. इथं गिऱ्हाईक पत्र्याच्या वजनावर भाव करतं."

जावयाच्या गॅरेजचं दार म्हणजे आपल्या शटरचं अमेरिकन चुलत भावंड. सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ साली वर सरकणारं दार काढलं. त्या दाराच्या वर आडव्या दांड्यावर पिळलेली स्प्रिंग असते आणि ती साधारणपणे १०,००० उघडझापींच्या हिशेबानं विकली जाते. आपल्याकडच्या स्प्रिंगेवर असा आकडा कुणी छापत नाही. छापला असता, तर पुण्यातल्या दुपारी एक ते चार झोपणाऱ्या दुकानदारांना कळलं असतं की सकाळी एकदा आणि चारला एकदा शटर वर करून आपण स्प्रिंगेचं आयुष्य निम्मं करतो आहोत. झोप सोडली असती का, हा प्रश्न वेगळा.

मिस्त्री साठीकडे झुकलेला, बोटं जाड, बोलणं मोजकं. दोन पाइप पाने, एक लांब नळी, दोर, ग्रीसचा डबा आणि भाचा, एवढा त्याचा संसार स्कूटरवर मावतो. पाने जुन्या बाजारातले. नवे पाने घसरतात असं त्याचं म्हणणं आहे आणि त्यावर वाद चालत नाही.

यंत्र त्यानं मला एका उघड्या पाइपवर समजावलं. पाइप भिंतीतल्या ब्रॅकेटांवर यू-क्लॅम्पनं घट्ट आवळलेला असतो, तो फिरत नाही. त्याच्यावर पुल्या फिरतात आणि पट्ट्यांचा पडदा त्या पुल्यांना जोडलेला असतो. स्प्रिंगेचं एक टोक पाइपात, दुसरं पुलीत. आपण शटर खाली ओढतो तेव्हा पुली फिरते आणि स्प्रिंग पिळली जाते. रात्री कुलूप लावून घरी जाताना दुकानदार त्या तारेत उद्या सकाळची मेहनत भरून ठेवत असतो. सकाळी ती सुटते आणि ऐंशी-नव्वद किलोचं लोखंड एका हातानं वर जातं.

मला खरा चकवा पुढे दिसला. शटर वर जाईल तसं लोंबकळणारं वजन कमी होतं आणि स्प्रिंगेचा जोरही कमी होतो. हिशेब जुळला म्हणावं, तर वरची गुंडाळी प्रत्येक फेऱ्याला जाड होत जाते आणि वजनाला पाइपापासून लांबून ओढायला मिळतं. स्प्रिंग सरळ रेषेत उतरते, वजन मात्र तसं उतरत नाही. त्यामुळे हातानं ओढायचं कुठलंच शटर खालपासून वरपर्यंत सारखं हलकं नसतं. कुठलं जमिनीवरून उठताना हट्ट करतं, कुठलं डोक्याच्या वर गेलं की हातातून निसटतं. दुकानदाराला आपल्या शटरची खोड पाठ असते. नवा नोकर पहिल्याच दिवशी बोट चिमटून घेतो.

मिस्त्रीची परीक्षा कमरेच्या उंचीवर होते. तिथे शटर सोडायचं आणि बघायचं. वर जाऊ लागलं तर ताण जास्त, खाली आलं तर कमी. जागेवर राहिलं की पास. अर्धं शटर ही काही फक्त मिस्त्रीची गरज नाही. बंदची हाक आल्यावर अर्ध्या शटराखालून दूध-ब्रेड विकणाऱ्या कितीतरी किराणावाल्यांची अब्रू त्याच ताणावर टिकलेली असते.

जावयाच्या उदाहरणाला शोभेल असं काम कसबा पेठेत मिळालं. खाली गाळा, वर घर. भाडेकरू गेल्यावर गाळ्यात मालकांची गाडी उभी राहते. मालक बँकेतून निवृत्त, हाताला काम हवं असलेले. मोबाइलवर चित्रफिती बघून त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं की हे आपण करायचं. बायकोनं मिस्त्रीला बोलावलं म्हणून ते जरा नाराज होते.

"काय, पाइप ढिला करायचा, स्प्रिंग काढायची, दुसरी घालायची. बरोबर ना?"

"बरोबर आहे, काका," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही जरा मागं उभे राहा."

शटर पूर्ण वर नेलं. गुंडाळी पाइपाशी दोरानं आवळून बांधली, म्हणजे पडदा खाली घसरणार नाही. शटर वर असलं तरी पाइपावर सुरुवातीला दिलेला ताण उरलेलाच असतो, आणि माणूस फसतो तो तिथेच. शटर वर आहे म्हणजे स्प्रिंग मोकळी, असं बघणाऱ्याला वाटतं. मिस्त्री घोड्यावर चढला. पान्याला नळी अडकवली, पाइप धरला आणि भाच्याला क्लॅम्पचा नट पाव फेरा सोडायला सांगितला. नट हलेना. गंजलेल्या नटावर तेल टाकून वाट बघत बसणं हे या धंद्यातलं अर्धं काम आहे. नट सुटला तसा पान्याला झटका बसला. नळी मिस्त्रीच्या मुठीत थोडी सरकली आणि थांबली. दुसरा पाना लावायचा, पहिला काढायचा, थोडं सोडायचं, पुन्हा पहिला. एक हात कायम लोखंडावर. तोंड पान्याच्या फिरण्याच्या वाटेत कधीच नाही. शरीर बाजूला, मान मागे. या वेळात त्याला कुणी प्रश्न विचारलेला चालत नाही. काकांनी विचारला, तर भाच्यानंच त्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

पाइप खाली आला तेव्हा चारपैकी दोन स्प्रिंगा तुटलेल्या निघाल्या. एक तुकडा मी हातात घेतला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंज खाल्लेला होता आणि उरलेला अर्धा नव्या पैशासारखा चकचकीत. म्हणजे चीर केव्हाची पडलेली होती. ओलाव्यात गंजाचा बारीक खड्डा पडतो, रोजच्या पिळानं चीर तिथून पुढे सरकते आणि उरलेली तार एके दिवशी एकदम जाते. काका म्हणाले, दिवाळीच्या सुमारास रात्री मोठा आवाज आला होता, आम्हाला फटाका वाटला.

यानंतर अडचणींनाच सुरुवात झाली. स्प्रिंग बोहरी आळीत मिळते, पण लांबी आणि घेर जुळून भागत नाही. तार जाडीला दहा टक्के जास्त निघाली तर जोर जवळजवळ दीडपट होतो, कारण जोर जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. मिस्त्रीला हे गणित ठाऊक नाही. तो जुना तुकडा खिशात घेऊन जातो आणि दुकानात दोन्ही तारा नखाखाली सरकवून बघतो. पहिल्या दुकानातल्या स्प्रिंगा त्यानं परत केल्या. पिळाची दिशाही बघावी लागते. उलट पिळाची बसवली तर शटर ओढताना ती आवळायच्या ऐवजी सुटत जाते.

मग पाटीचा प्रश्न. जुन्या भाडेकरूनं शटरच्या तोंडावर दिव्याची मोठी पाटी ठोकली होती, आत कुणीतरी फॉल्स सीलिंग केलेलं. वरचं पत्र्याचं कव्हर काढायला जागाच नाही. पाटीच्या वायरी कुठून गेल्यात हे इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कळेना. तोवर ऐंशी किलोची गुंडाळी दोरावर आणि दोन घोड्यांवर, आणि खाली काकांची गाडी. ती आधी बाहेर काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

काकांनी मध्येच मोटर बसवण्याचा विषय काढला. भाचा खुलला, त्याला आता मोटरचीच कामं करायची आहेत. पण पाइपाच्या मधोमध बसणारी मोटर स्प्रिंगेच्या तोलावरच चालते. स्प्रिंग मेलेली असेल तर मोटर कण्हत कण्हत ओढते आणि जळते. वीज गेली की क्लच सोडून शटर हातानंच उचलायचं, तेही मेलेल्या स्प्रिंगेसकट. मिस्त्रीनं हे सगळं सांगितलं. भाच्यानं कंपनीचं माहितीपत्रक तरीही काकांना दिलं.

घरी काय करता येतं, हे मी मिस्त्रीला स्पष्टच विचारलं. चॅनेल साफ करा, कड्यांना आणि चॅनेलला ग्रीस लावा, शटर जड वाटलं की लगेच बोलवा, एवढंच त्यानं सांगितलं. क्लॅम्पला हात लावायचा नाही. माझंही मत तेच झालं. न्यू जर्सीतल्या जावयाकडे स्प्रिंगेत खुपसायचे बेताचे गज असतात आणि किती फेरे द्यायचे याचा तक्ता असतो. आपल्याकडे तो तक्ता एका माणसाच्या मनगटात आहे, आणि त्याचा भाचा मोटरकडे वळला आहे.

शेवटची अडचण पैशाची. मिस्त्रीचं म्हणणं, चारही बदला. जुन्या दोन त्याच वयाच्या, त्यांनीही तोच पावसाळा खाल्लाय. काकांचं म्हणणं, तुटल्यात दोन तर दोनच. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाशी मिस्त्री वाद घालत बसला नाही. दोन नव्या घातल्या, ताण दिला, कमरेच्या उंचीवर शटर सोडून पाहिलं, पाव फेरा वाढवून पुन्हा पाहिलं. नंतर बिलावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "दोन नवीन, दोन जुन्या, मालकांच्या सांगण्यावरून," आणि त्याच्याखाली काकांची सही घेतली.