जेवण हाही उपचारच : दिव्यांग रुग्णाच्या आहाराविषयी



रुग्णालयाच्या अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, नवी यंत्रे आणि जमाखर्च यांना हक्काची जागा असते. जेवणाच्या ताटाला सहसा नसते. ती देणे आम्हांस आवश्यक वाटते. ज्याला बोलता येत नाही, हात उचलता येत नाही किंवा नीट गिळता येत नाही, असा रुग्ण भरलेल्या वॉर्डात सर्वांच्या देखत उपाशी राहू शकतो. बहुतेक वेळा त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो; फक्त 'हा जेवला का?' हे विचारणे कोणाचेच काम नसते.

हे केवळ गरीब देशांतच घडते असे नाही. ब्रिटनमधील 'मेनकॅप' या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ४३ वर्षांच्या एका बौद्धिक दिव्यांग पुरुषाची हकिकत आहे. पक्षाघातानंतर त्याला गिळता येईना. रुग्णालयात तो २६ दिवस अन्नावाचून राहिला. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा पोटात नळी बसविण्याची शस्त्रक्रिया सोसण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते. तो दगावला.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ साली निधन होईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना मऊ केलेले अन्न तोंडाने भरविले. २०१० मध्ये आजारपणात तोंडाने जेवण कमी झाले, तेव्हा नाकातून नळी घालण्यात आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा गौरवाने उल्लेख केला. त्या सेवेत महागडे यंत्र नव्हते. रोज वेळेवर भरविणारे हात होते.

शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी बहुतेक रुग्णांचा डबा घरून येतो आणि भरविणारी व्यक्ती घरचीच असते. ही आपली मोठी जमेची बाजू, पण तोच कच्चा दुवाही आहे. दिवाळीनंतर घरची कर्ती माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. सोबतीला थकलेली आजी असते. ती औषध आणायला किंवा कागदपत्रांसाठी खाली गेली की ताट खाटेशेजारी तसेच राहते आणि थोड्या वेळाने उचलले जाते. 'जेवण नको म्हणाला' असा समज होतो. वास्तविक तो काहीच म्हणालेला नसतो.

दुसरा धोका घाईने भरविण्याचा. सेरेब्रल पाल्सी किंवा पक्षाघात असलेल्या अनेकांना गिळताना अडचण येते. अन्न अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा गंभीर दाह होऊ शकतो. कधी कधी ठसकाही लागत नाही, म्हणून ते कळतही नाही. पाणी, चहा यांसारखे पातळ पदार्थ अशांना अधिक धोक्याचे. रुग्णाला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, लहान चमच्याने एकेक घास द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. आडवे झोपवून पाणी पाजणे ही माया नव्हे.

तिसरा गैरसमज सलाईनचा. 'बाटली चालू आहे, म्हणजे पोट भरले' असे अनेक नातेवाईक मानतात. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असते. त्यातून ऊर्जा मिळत नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जास्तीत जास्त १०० कॅलरी. एका भाकरीइतकीही ताकद त्यात नाही. शस्त्रक्रियेपूर्वी लिहिलेली 'तोंडाने काही देऊ नये' ही सूचना शस्त्रक्रिया पुढे ढकलल्यावरही तशीच राहिली, तर उपवास लांबतो. फिट्सच्या गोळ्याही चुकतात आणि झटके येऊ शकतात. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर अन्न देणेही घातक ठरते. ते बेताबेतानेच वाढवावे लागते.

कायदा याविषयी स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ नुसार आपल्या ताब्यातील दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न वा पाणी नाकारणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे. विसरणे या कलमात बसत नसले तरी तो निष्काळजीपणा ठरू शकतो. ज्या रुग्णालयात काही रुग्ण पैसे भरतात, तेथे मोफत उपचार घेणाऱ्यासही ग्राहकाचे हक्क आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले. धर्मादाय म्हणून आम्हांला सूट नाही आणि ती असूही नये.

म्हणून आमचे सर्वांस विनम्र सांगणे आहे. आप्तेष्टांनी दाखल करतानाच सांगावे : रुग्ण काय खातो, किती मऊ, कोणत्या बाजूने, किती वेळात आणि भूक लागली की कोणती खूण करतो. हे केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक पाळीत भरविण्याची जबाबदारी एका नावावर असावी आणि किती खाल्ले याची नोंद औषधाच्या नोंदीइतकीच काटेकोर असावी, ही अपेक्षा आम्ही स्वतःकडून ठेवतो. देणगीदारांना विनंती एवढीच, की यंत्राइतकेच मोल भरविणाऱ्या हातांनाही द्यावे. एका रुग्णाला सावकाश भरविण्यास अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तो वेळ देणारे माणूस वॉर्डात असावे लागते.

ज्याला मागता येत नाही, त्याला आपण होऊन विचारणे, ही आम्ही आमच्या सेवेची कसोटी मानतो. त्या कसोटीवर आपण आम्हांला तपासत राहावे, ही नम्र प्रार्थना.