शार्कच्या कातडीचा धडा

वॉर्डात वारंवार दिसणारे चित्र आहे. पक्षाघाताचा झटका आलेले आजोबा सावरू लागतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो. मुलगा विचारतो, "डॉक्टर, काल तर बरे होते, आज हे काय?" अशा वेळी आमची पहिली शंका असते ती लघवीच्या नळीवर, म्हणजे कॅथेटरवर.

नळी निर्जंतुक पाकिटातूनच निघते. पण शरीरात बसवल्यावर तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर जीवाणू चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. घरच्या पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो, तसाच हा थर. त्याला बायोफिल्म म्हणतात. तो पक्का झाला की प्रतिजैविकांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. अनेकदा नळीच काढावी किंवा बदलावी लागते. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जीवाणू शिरण्याची शक्यता दर दिवसाला साधारण 3 ते 7 टक्के असते.

नळीला चांदीचा किंवा प्रतिजैविकाचा लेप देण्याचे प्रयोग झाले. पण लेपातील औषध हळूहळू संपते, शिवाय जीवाणू त्याला दाद देईनासे होण्याची भीती असतेच. मग औषधाशिवाय, केवळ पृष्ठभागाची ठेवण बदलून जीवाणूंना बसायला जागाच दिली नाही तर?

या कल्पनेची सुरुवात रुग्णालयात नव्हे, समुद्रात झाली. फ्लोरिडा विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक अँथनी ब्रेनन अमेरिकी नौदलासाठी जहाजांच्या तळाला धरणाऱ्या शेवाळावर उपाय शोधत होते. 2002 मध्ये पर्ल हार्बर येथे त्यांना प्रश्न पडला, की संथ पोहूनही अंगावर शेवाळ न धरणारा जीव कोणता? उत्तर होते शार्क. तिच्या कातडीचा ठसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेल्या बारीक उभ्या रेघा दिसल्या.

तीच नक्षी त्यांनी पीडीएमएस या रबरासारख्या पॉलिमरवर उतरवली. एकेक रेघ 2 मायक्रॉन रुंद, 3 मायक्रॉन उंच आणि दोन रेघांमध्ये 2 मायक्रॉनची फट. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. ही नक्षी हाताने कोरता येत नाही. संगणकाच्या चिप बनवताना वापरतात त्या प्रकाशाच्या तंत्राने आधी साचा तयार करतात, त्यात पातळ पॉलिमर ओततात आणि घट्ट झाल्यावर अलगद सोलून काढतात. मोदकाच्या साच्यातून कळ्या उमटाव्यात, तशी नक्षी उमटते.

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टॅफिलोकोकस ऑरियस हे जीवाणू गुळगुळीत आणि नक्षीदार अशा दोन्ही पृष्ठभागांवर वाढवले. चौदाव्या दिवशी गुळगुळीत पृष्ठभागाचा सरासरी 54 टक्के भाग जीवाणूंनी व्यापला होता, तर नक्षीदार पृष्ठभागाचा केवळ 7 टक्के. त्यात जंतुनाशकाचा थेंबही नव्हता. नक्षी जीवाणूंना मारत नाही; त्यांना एकमेकांजवळ वस्ती करणे अवघड करते.

मात्र प्रयोगशाळेतील तबकडी म्हणजे रुग्ण नव्हे. शरीरात नळीवर प्रथिनांचा आणि लघवीतील क्षारांचा थर बसतो, नक्षी बुजू शकते. नळी आत घालताना हात अस्वच्छ असतील, तर कोणतीही नक्षी वाचवू शकत नाही.

तोवर सर्वात खात्रीचा उपाय बिनखर्चाचा आहे: नळी गरज असेल तरच घालणे आणि गरज संपताच काढणे. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवा, पण ती जमिनीला टेकू देऊ नका. नळी स्वतः ओढून काढू नका. मात्र सकाळी डॉक्टर राउंडला आले की संकोच न करता विचारा, "नळी अजून लागणार आहे का?" कामाच्या गर्दीत आमच्याकडूनही हा प्रश्न राहून जातो. तुम्ही विचारलात तर रुग्णाचा एक ताप टळू शकेल.