आधी प्रोसेसर, मग मदरबोर्ड

नवा पीसी जुळवताना बरेच जण आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतात आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो मदरबोर्ड उचलतात. कृपया असं करू नका!

माझी पसंती सध्या एएमडीच्या एएम५ सॉकेटला. २०२२ मध्ये आलेल्या या सॉकेटवर रायझन ७०००, ८००० आणि ९००० या तिन्ही मालिका चालतात, म्हणजे पुढे बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येतो. रॅम मात्र डीडीआर५च हवी. घरातली जुनी डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही.

बी६५० बोर्ड घेताय? हा चिपसेट रायझन ९०००च्या आधीचा. जुन्या स्टॉकमधला बोर्ड असेल तर बायोस अपडेट केल्याशिवाय नवा प्रोसेसर सुरूच होत नाही, आणि माणूस उगाच सगळे पार्ट सदोष समजून बसतो. म्हणून ‘बायोस फ्लॅशबॅक’ असलेलाच बोर्ड मागा. प्रोसेसर न लावता, नुसत्या पेन ड्राइव्हवरून अपडेट होतो.

रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या. चार पट्ट्यांनी डीडीआर५चा वेग बऱ्याचदा उतरतो. चार खाचा असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरायची. एकदा मॅन्युअल बघाच.