मोबाईलमधला व्हिडिओ घरच्या डीव्हीडी प्लेअरवर कसा लावायचा?



आपल्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर रोट होतात, बाया रात्री जागून गाणी म्हणतात आणि सोमवारी विसर्जन होतं. दोन वर्षांपूर्वी त्या निमित्ताने माझ्या तिसरीच्या वर्गात मी एका मुलीच्या आजींना बोलावलं होतं. आजींनी अहिराणीत गाणी म्हटली, मधेमधे अर्थ सांगितला. एरवी चुळबुळ करणारी पोरं गप्प बसून ऐकत होती. मी सगळं मोबाईलवर शूट केलं, जवळजवळ ४० मिनिटं.

आजींचा मुलगा सुरतला कामाला असतो, तो दिवाळीला घरी येणार होता. त्याला हे टीव्हीवर दाखवायचं होतं. घरी साधा फोन, पण टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर होता. मी म्हटलं, "एवढंच ना, डीव्हीडी करून देतो." कोरी डीव्हीडी आणली, लॅपटॉपमध्ये घातली, व्हिडिओची फाईल त्यावर कॉपी केली आणि देऊन आलो. दिवाळीत गल्लीतले दहा-बारा जण टीव्हीसमोर जमले. डिस्क घातली, ती थोडा वेळ फिरली आणि पडद्यावर अक्षरं आली, 'नो डिस्क'. पुढे आजी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "गुरुजी, मना आवाज कोठे गया?"

आवाज डिस्कवरच होता. चूक माझी होती. डीव्हीडीवर फाईल कॉपी करणं वेगळं आणि डीव्हीडी 'बनवणं' वेगळं, हे मला माहीत नव्हतं. तीच चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

१) प्लेअरला नक्की काय समजतं?

सोपं उदाहरण घेऊ. घरात ज्वारीचं पोतं आहे, पण पाहुण्याच्या ताटात आपण ज्वारी वाढत नाही. दळायची, मळायची, भाकरी करायची, मग वाढायची. मोबाईलमधली एमपी४ फाईल म्हणजे पोत्यातली ज्वारी. कॉम्प्युटरकडे स्वतःची चक्की आणि तवा आहे, म्हणून तो कुठलीही फाईल चालवतो. साध्या डीव्हीडी प्लेअरला मात्र तयार भाकरीच लागते.

ही भाकरी कशी असते? व्हिडिओ एमपीईजी-२ या प्रकारात हवा. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राचा आकार ७२० × ५७६ ठिपक्यांचा आणि सेकंदाला २५ चित्रं. हे सगळं डिस्कवर 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावांच्या फाईलींमध्ये असावं लागतं. प्लेअर आधी तो फोल्डर शोधतो. तो सापडला नाही की बऱ्याच जुन्या प्लेअरच्या दृष्टीने डिस्क रिकामीच! (यूएसबी असलेले काही नवे प्लेअर एमपी४ चालवतात, पण त्यावर विसंबू नका.)

आपल्या भागात घरोघर प्लेअर आले ते व्हीसीडीच्या काळात. अहिराणी गाण्यांच्या, खान्देशी विनोदी नाटुकल्यांच्या व्हीसीडी बाजारात मिळायच्या. धुळ्याशेजारच्या मालेगावात तर नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास गावातलीच माणसं घेऊन 'मालेगाव के शोले' हा सिनेमा व्हिडिओवर बनवला. 'मालेगाव का सुपरमॅन' बनतानाची धडपड फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात पाहायला मिळते. व्हीसीडीमध्ये एमपीईजी-१ प्रकार आणि ३५२ × २८८ ठिपके असतात, साध्या सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात. म्हणजे डीव्हीडीचं चित्र त्यापेक्षा बरंच स्वच्छ.

२) काय काय लागेल?

• डीव्हीडी रायटर असलेला कॉम्प्युटर. नव्या लॅपटॉपला रायटर नसतो, तेव्हा यूएसबीने जोडायचा बाहेरचा रायटर मिळतो.
• कोऱ्या डीव्हीडी-आर डिस्क. जुन्या प्लेअरना 'प्लस आर'पेक्षा 'मायनस आर' सहसा जास्त मानवते. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क सरावासाठी चांगली, पण काही जुने प्लेअर ती वाचत नाहीत.
• सॉफ्टवेअर. विंडोजसाठी 'डीव्हीडी फ्लिक' आणि 'डीव्हीडी स्टायलर' ही दोन्ही मोफत आहेत. लिनक्सवरही डीव्हीडी स्टायलर चालतं. विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांत 'विंडोज डीव्हीडी मेकर' आलेलं असतं, विंडोज ८ पासून ते काढून टाकलं. सॉफ्टवेअर मूळ साईटवरूनच घ्या.
• हार्डडिस्कवर किमान १० जीबी मोकळी जागा.

३) आता कृती (डीव्हीडी फ्लिक वापरून)

पायरी १ : व्हिडिओ मोबाईलमधून केबलने कॉम्प्युटरवर घ्या. व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, तिथे व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि चित्र खराब होतं. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं ठेवा. देवनागरी नावावर जुनी सॉफ्टवेअरं अडतात.

पायरी २ : डीव्हीडी फ्लिक उघडून 'प्रोजेक्ट सेटिंग्ज'मध्ये जा. टार्गेट साईझ 'डीव्हीडी', व्हिडिओमध्ये 'पाल' आणि बिटरेट 'ऑटो-फिट' निवडा.

पायरी ३ : 'ॲड टायटल' दाबून फाईल घ्या. 'एडिट टायटल'मध्ये आडव्या व्हिडिओसाठी १६:९ निवडा. चुकून ४:३ राहिलं तर रुंद टीव्हीवर चित्र नीट बसत नाही. तिथेच दर ५ मिनिटांनी 'चॅप्टर' करायची सोय आहे. ती जरूर वापरा, म्हणजे रिमोटने पुढच्या गाण्यावर जाता येतं.

पायरी ४ : 'प्रोजेक्ट सेटिंग्ज'मध्ये बर्निंगच्या पानावर वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा आणि 'व्हेरिफाय'वर टिक करा. पहिल्या वेळी 'बर्न टू डिस्क'वर टिक करू नका. 'क्रिएट डीव्हीडी' दाबा आणि फक्त फोल्डर तयार होऊ द्या. माझ्या जुन्या लॅपटॉपला याला व्हिडिओ जेवढा लांब, साधारण तेवढाच वेळ लागतो. रात्री लावून ठेवायचं.

पायरी ५ : तयार झालेला फोल्डर व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून बघा. सुरुवात, मध्य आणि शेवट तपासा. ओठ आणि आवाज जुळतात ना? मोबाईल शूट करताना सेकंदाला कमी-जास्त चित्रं घेतो, त्यामुळे लांब व्हिडिओत आवाज मागे-पुढे होतो. तसं झालं तर मूळ फाईल आधी 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून नवी करून घ्या आणि मग पायरी ३ पासून पुन्हा करा.

पायरी ६ : सगळं ठीक असेल तरच डिस्क लिहा. लिहिताना लाईट गेली की डिस्क वाया! भारनियमनाची वेळ टाळा आणि लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. शेवटी डिस्क 'फायनलाइज' व्हावी लागते, नाहीतर दुसऱ्या प्लेअरला ती वाचता येत नाही. डीव्हीडी फ्लिक ते आपोआप करतं, म्हणून मधेच डिस्क काढू नका.

४) एका डिस्कवर किती मिनिटं? चला, गणित करू

डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर मात्र साधारण ४.३७ दाखवतो. दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या.

४.७ जीबी म्हणजे ४७०० एमबी. एका बाईटमध्ये ८ बिट, म्हणून ४७०० × ८ = ३७,६०० मेगाबिट. याला व्हिडिओच्या सेकंदांनी भागा.

• ९० मिनिटं = ५४०० सेकंद. ३७,६०० ÷ ५४०० = जवळजवळ ७. चित्र उत्तम.
• १२० मिनिटं = ७२०० सेकंद. उत्तर ५.२. चित्र चांगलं.
• १८० मिनिटं = १०,८०० सेकंद. उत्तर ३.५. नाच, लेझीम अशा हलत्या दृश्यांत चौकोन चौकोन दिसतात.

यालाच बिटरेट म्हणतात, म्हणजे एका सेकंदाच्या वाट्याला किती माहिती आली. ६० मिनिटांचं उत्तर १०.४ येतं, पण डीव्हीडीत व्हिडिओला जास्तीत जास्त ९.८ चीच परवानगी आहे आणि जुने प्लेअर त्याच्या आधीच अडखळतात. म्हणून ८ च्या वर जाऊ नका. तीन तासांचं स्नेहसंमेलन असेल तर सरळ दोन डिस्क करा. हे गणित सातवीच्या मुलांना फळ्यावर दिलं तर ती आवडीने करतात.

५) डिस्कची काळजी

जळगाव-भुसावळचा उन्हाळा आपण भोगतोच. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो, माहिती त्यातच असते. ऊन आणि उष्णता यांनी तो खराब होतो. पत्र्याच्या घरात टीव्हीवर, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत डिस्क ठेवू नका. कपाटात, कव्हरमध्ये, उभी ठेवा. नाव लिहायला मऊ टोकाचा मार्कर घ्या, बॉलपेन नको. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

मुलं दिसत असतील तर पालकांची परवानगी घ्या. आणि विकतची सीडी-डीव्हीडी कॉपी करून वाटणं हा या लेखाचा विषय नाही. आपण आपलं स्वतःचंच जपतोय.

६) एक प्रत पुरत नाही

दुसरी डिस्क मी संक्रांतीला देऊन आलो. या वेळी स्वतः घालून बघितली. आजी स्वतःचा आवाज ऐकून पदराआड हसत होत्या. मुलगा सुरतला निघून गेला होता. पुढे होळीला आला तेव्हा त्याने पाहिली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्या मोबाईलचं मेमरी कार्ड बिघडलं. लॅपटॉपवरची मूळ फाईल जागा करायची म्हणून मीच आधी उडवली होती. आणि त्या हिवाळ्यात आजी गेल्या. दहाव्याला मुलगा म्हणाला, "गुरुजी, ते गाणं मोबाईलवर मिळेल का?" माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांच्या टीव्हीखाली ठेवलेली ती एकच डिस्क उरली होती. ती घरी आणून मी हँडब्रेकने पुन्हा एमपी४ केली आणि सगळ्या नातेवाइकांना दिली. पण मूळ शूटिंग १९२० × १०८० चं होतं, डिस्कमधून परत आलं ते ७२० × ५७६ चंच. एकदा भाकरी केल्यावर तिची पुन्हा ज्वारी होत नाही. आजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जेवढ्या स्पष्ट होत्या, तेवढ्या आता दिसत नाहीत.

म्हणून लक्षात ठेवा, डीव्हीडी ही बघण्यासाठीची प्रत. मूळ फाईल वेगळी जपायची आणि तीही दोन ठिकाणी. एक शाळेच्या कॉम्प्युटरवर, एक घरी पेनड्राईव्हवर किंवा हार्डडिस्कवर. वर्षातून एकदा दोन्ही उघडून बघायच्या.

आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव याने कागदावर उतरवून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. ती वही होती म्हणून आज आपण त्या कविता वर्गात शिकवतो. आपल्या मुलांच्या घरीही गाणाऱ्या आज्या आहेत. सोपानदेवांकडे कागद होता, आपल्याकडे कॅमेरा आहे.

येत्या श्रावणात एका आजीला शाळेत बोलवा. मोबाईल आडवा धरा, पंखा बंद करा म्हणजे आवाज स्वच्छ येईल. घरी आल्यावर आधी मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा, मगच डीव्हीडीला हात लावा. आणि डिस्क देताना त्यांच्याच प्लेअरवर लावून, पूर्ण बघूनच उठा.