खरा अपराधी कोण?

उमरेड-भिवापूरचा परिसर मिरचीसाठी ओळखला जातो. तेथे जेवणानंतर एखाद्या मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, तर पहिला संशय मिरचीवरच जाईल. परंतु ताटात वरण होते, शेंगदाण्याची चटणीही होती. मग खरा अपराधी कोणता?

१९२१ साली प्रॉस्निट्झ ह्या जर्मन वैद्याने, मासे न सोसणाऱ्या सहकाऱ्याचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचताच गांध उठली. दोष माशाचा नसून रक्तातील एका घटकाचा होता.

आज डॉक्टर त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचतात व १५-२० मिनिटे वाट पाहतात. पण केवळ गांध हा पुरेसा पुरावा नव्हे. म्हणून संशयित पदार्थ काही आठवडे वर्ज्य करतात आणि त्रास थांबल्यास त्यांच्याच देखरेखीखाली पुन्हा थोडा देतात. त्रास परतला, तर अपराध सिद्ध होतो.

हा प्रयोग घरी कधीही करू नये. ओठ सुजले वा श्वास कोंडला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. तसेच निव्वळ संशयावरून दूध किंवा डाळ सोडू नये; निरपराध अन्नाला शिक्षा दिली, तर ती आपल्याच वाढत्या शरीराला भोगावी लागते.