लग्नातला नाच आणि म्हातारपणाचा तोल

देशपांडे नगरात काय किंवा गोव्यात काय, आपल्या ख्रिस्ती लग्नाच्या पार्टीत एक दृश्य ठरलेले असते. बँडवर चा-चा-चा सुरू झाला की तरुण मंडळी नाचायला उतरतात आणि साठी ओलांडलेली मंडळी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. खरे पाहता, उठण्याची अधिक गरज खुर्चीवाल्यांनाच आहे.

चा-चा-चा मूळचा क्यूबाचा. साल्सा व रुंबा ही त्याची भावंडे; टँगो अर्जेंटिनाकडचा. यांना लॅटिन नृत्ये म्हणतात. संशोधकांनी आधी स्पर्धकांकडे लक्ष दिले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाचताना त्यांच्या नाडीचे ठोके मिनिटाला १६० च्या वर गेलेले आढळले. म्हणजे हा नुसता विरंगुळा नव्हे, चांगला व्यायाम आहे.

पुढे लक्ष वडीलधाऱ्यांकडे वळले. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांची काही वर्षे पाहणी झाली. २००३ च्या त्या अहवालानुसार नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. मात्र ज्यांची प्रकृती मुळातच चांगली, तेच नाचत असतील, हेही शक्य आहे. २००९ मध्ये कंपवाताच्या रुग्णांना टँगोचे एकेक तासाचे २० धडे दिले, तेव्हा त्यांचा तोल सुधारला.

असे का व्हावे? नाचताना पुढे, मागे, बाजूला पाऊल टाकावे लागते, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावे लागते, ताल ऐकावा लागतो आणि पुढचे पाऊल आठवावे लागते. पाय आणि डोके दोन्ही कामाला लागतात. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. ते टाळायचे तर तोल सांभाळण्याची सवय हवी. जागतिक आरोग्य संघटनाही ज्येष्ठांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचा व्यायाम सांगते.

तेव्हा लग्नाची वाट पाहू नका. घरीच रेडिओ लावून दहा मिनिटांनी सुरुवात करा. जमीन कोरडी आणि आधाराला खुर्ची जवळ असावी. नाचताना बोलता आले पाहिजे. बोलता येईना तर वेग कमी करा. गरगर फिरू नका. हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

आणि तरुणांनो, पुढच्या लग्नात आजीचा हात धरून तिला उठवा. पहिली चार पावले तिच्या गतीने टाका.