भोर-वेल्ह्याचा कबड्डीपटू कॉलेजात कसा पोहोचतो

भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या शाळकरी कबड्डीपटूला हेरायला महाविद्यालयाचा कोणी माणूस गावात येत नाही. अमेरिकेत लॅक्रोससारख्या खेळात विद्यापीठांचे प्रशिक्षक शाळांचे सामने पाहत हिंडतात. ते इतक्या लहान वयातल्या मुलांच्या मागे लागू लागले की, मूल अकरावीत जाऊन 1 सप्टेंबर उजाडेपर्यंत त्याच्याशी बोलायचे नाही, असा नियम तिथे 2017 मध्ये करावा लागला. इथली रीत नेमकी उलटी आहे. खेळाडूने तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढायच्या, प्रत्येक पायरीचा कागद जपून ठेवायचा आणि मग कॉलेजच्या जिमखान्यात ती फाइल घेऊन उभे राहायचे.

पायऱ्यांचा पहिला जिना शालेय स्पर्धांचा आहे. तो राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या हाती असून 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे तीन गट त्यात आहेत. 19 वर्षांखालच्या गटात कनिष्ठ महाविद्यालयांची मुले उतरतात. या स्पर्धांसाठी पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे स्वतंत्र जिल्ह्यांसारखी धरली जातात. त्यामुळे भोर आणि वेल्हे (या तालुक्याचे नाव आता राजगड) यांची गाठ जिल्हा पातळीवर बारामती, इंदापूर, शिरूर, खेड अशा ग्रामीण तालुक्यांशीच पडते. शहराचा संघ समोर येतो तो विभागाला. तिथे सोलापूर आणि अहिल्यानगरचेही संघ असतात.

या जिन्यात एक अडचण आहे आणि ती बहुतेक पालकांच्या उशिरा लक्षात येते. राज्य स्पर्धेपर्यंत निवड खेळाडूची होत नाही, शाळेच्या संघाची होते. एखाद्या मुलाने एका चढाईत तीन गडी टिपले, पण त्याच्या शाळेचा कोपरा कच्चा असला आणि संघ तालुक्यालाच हरला, तर त्या मुलाचे वर्ष तिथेच संपते. राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी राज्याचा चमू निवडताना मात्र सगळ्या विभागांच्या संघांतून खेळाडू वेचले जातात. म्हणजे ज्या टप्प्यावर एकेकट्या खेळाडूकडे पाहिले जाते, तिथवर पोहोचायला आधी भोवतालची सहा मुलेही तयार असावी लागतात. पटसंख्या कमी असलेल्या डोंगरातल्या शाळेला सात खेळणारे आणि पाच राखीव असा बारा जणांचा संघ उभा करतानाच दम लागतो.

त्यात या स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. तोरणा आणि राजगडाच्या पायथ्याला त्या दिवसांत भाताच्या खाचरांत आणि शाळेच्या मैदानात फारसा फरक उरत नाही. सकाळी मारलेली फक्की दुपारपर्यंत वाहून जाते. सराव व्हरांड्यात किंवा सभामंडपात होतो, आणि तिथे फरशीवर पकड करायची कोणाची छाती होत नाही. पुढच्या फेऱ्या मॅटवर असल्या तर आणखी पंचाईत. मातीत मूल अनवाणी खेळते, पायाची बोटे रुतवून वळते. मॅटवर बूट घालावे लागतात, पाय सरकण्याऐवजी चिकटतो आणि चढाई करणाऱ्याचा अंदाज अर्ध्या पावलाने चुकतो. मध्यरेषेकडे झेप घेताना अर्धे पाऊल फार मोठे असते.

दुसरा जिना संघटनेचा. जिल्हा कबड्डी संघटना आणि तिच्यावर राज्य संघटना किशोर गटाच्या (16 वर्षांखालील) आणि कुमार गटाच्या (20 वर्षांखालील) स्पर्धा घेतात. इथे वयाबरोबर वजनाचीही अट असते. जिल्ह्याचा संघ निवडताना वेगवेगळ्या मंडळांतून खेळाडू घेतले जातात, म्हणून दुबळ्या शाळेतल्या चांगल्या खेळाडूला हाच जिना सोयीचा. त्यासाठी मात्र नोंदणी असलेल्या मंडळाकडून खेळावे लागते. अशी मंडळे पुणे शहरात भरपूर. गावातला कोणी थोरला दादा आधीपासून शहरातल्या मंडळात असेल, तर तो बहुधा धाकट्याला घेऊन जातो. पण संध्याकाळचा सराव आटोपेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते, आणि मुलींच्या बाबतीत बऱ्याचदा त्या एसटीपाशीच सगळे अडते.

चैत्रातल्या जत्रांचे सामने हा या भागातल्या कबड्डीचा खरा उत्सव. दिव्यांच्या झोतात रात्र रात्र सामने चालतात, रोख बक्षिसे लागतात, खेळाडूचे नाव पंचक्रोशीत होते. प्रवेश अर्जात मात्र त्या चषकांना रकाना नाही. याला अन्याय म्हणता येईल. पण जत्रेतल्या सामन्यात वयाचा दाखला कोणी तपासत नाही, हेही खरेच.

कागदाचे मोल दहावी-बारावीतच कळू लागते. ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि स्पर्धेची पातळी वाढेल तसे ते वाढतात. हे गुण आपोआप जमा होत नाहीत. शाळेमार्फत प्रस्ताव जावा लागतो आणि तो मुदतीत जाणे क्रीडाशिक्षकाच्या तत्परतेवर अवलंबून असते.

पदवीच्या प्रवेशाला चित्र थोडे बदलते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत नाव राखू पाहणाऱ्या कॉलेजांना चांगले खेळाडू हवे असतात, त्यामुळे तिथले क्रीडा संचालक फाइल लक्षपूर्वक पाहतात. शुल्कात सूट, वसतिगृहात जागा, बूट, पोशाख, प्रवासभत्ता यांपैकी काय द्यायचे हे ज्या त्या कॉलेजच्या ऐपतीवर ठरते. अमेरिकेतल्यासारखी लेखी करारांची शिष्यवृत्ती इथे नाही. प्रवेश घेण्याआधी हे स्पष्ट विचारून घेतलेले बरे. राहण्या-जेवण्याचा खर्च झेपत नसेल तर विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना अनेकांना उपयोगी पडते, पण सकाळचा सराव, तास आणि काम यांची सांगड घालताना मुले मेटाकुटीला येतात. कॉलेजच्या संघातून विद्यापीठ संघात आणि तिथून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जाता येते. त्यासाठी 25 वर्षांपर्यंतची वयोमर्यादा आहे.

थेट पैसा देणारी वाट अरुंद आहे. 18 वर्षांखालील मुलामुलींच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत कबड्डी असते, आणि खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला 6.28 लाख रुपये खर्चण्याची तरतूद आहे; त्यातले दरमहा 10,000 रुपये त्याच्या हाती पडतात. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने मुलांची स्वप्ने मोठी केली, आणि 2024 मध्ये पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले तेव्हा ती आणखी मोठी झाली. तरी या दोन तालुक्यांतल्या घरांत हिशेब बहुधा नोकरीचाच असतो. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पद जितके वरचे, तितकी स्पर्धेची पातळीही वरची लागते. ज्यांना मैदान सोडवत नाही ते पदवीनंतर बी.पी.एड. करून क्रीडाशिक्षक होतात.

आरक्षणाचा लाभ घेण्याआधी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांचे प्रकरण राज्यात गाजल्यापासून ही तपासणी अधिक काटेकोर झाली आहे. प्रमाणपत्रावरचे नाव, जन्मतारीख आणि शाळेचा दाखला यांत एका अक्षराचाही फरक असला, तर तो स्पर्धेच्या वर्षीच दुरुस्त करून घेणे सोपे जाते. पाच वर्षांनी त्या स्पर्धेचे दप्तर शोधायला संयोजक सापडत नाहीत.